मास्तरांची पारख

गेल्या जून महिन्यात आमच्या संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "बाई, बालवाडीला एक शिक्षिका घ्यायची आहे. मुलाखतीला तुम्ही टेबलाच्या आतल्या बाजूला बसा." आतल्या बाजूला बसण्याची ती माझी पहिलीच वेळ. बाहेरच्या बाजूला मी पुष्कळदा बसले आहे. हातात कागदांची सुरळी, घामेजलेला तळवा, आणि समोर तीन माणसे ; त्यांतले एक पंख्याकडे पाहत असते, एक आपल्या कागदांकडे, आणि एखादेच आपल्याकडे. मी शिकून मॅट्रिक झालेली बाई. कथा-कादंबऱ्या लिहिते आणि भाईंदर स्टेशनाच्या पूर्वेला, खारी गावात, एका लहानशा बालवाडीत मुलांना शिकवते. मला काय ठाऊक माणसे कशी निवडतात ते? म्हणून त्या रात्री कपाटातली पुस्तके खाली काढली आणि आपल्याकडे मास्तर निवडण्याची रीत कसकशी बदलत आली, ते पाहू लागले. त्या वाचनाचा हा हिशेब आहे.

खारी म्हणजे मिठागरांचा मुलूख. नावातच मिठाची आठवण आहे. खाडी, तिवरे, मिठागरे, आगरी वस्ती, आणि त्यांच्या मधून गेलेली पश्चिम रेल्वे असे इथले जुने चित्र. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि मिठाच्या राशींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मुले मात्र येतात ती निरनिराळ्या घरांतून. कोणाची आजी मिठागरावर राबलेली, कोणाचे वडील कोकणातून आलेले, कोणाची आई घरी गुजराथी नाही तर हिंदी बोलणारी. अशा मुलांपुढे कोणाला उभे करावे, हा प्रश्न चिटणीसांना वाटतो तितका लहान नाही. आपल्या महाराष्ट्राने तो दोनशे वर्षे निरनिराळ्या रीतींनी सोडवून पाहिला आहे.

इंग्रजी अमलापूर्वी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. ओसरीवर, देवळात, नाही तर कोणा सावकाराच्या पडवीत त्या भरत. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील शाळांची मोजणी झाली, तेव्हा त्यांची संख्या सतराशेच्या आसपास भरली. त्यांतल्या बहुतेक ह्या गावठी शाळाच होत्या. ह्या पंतोजींची निवड कोणी करीत नसे. कोणाला मुलाखत नव्हती, अर्ज नव्हता, नेमणुकीचा कागद नव्हता. बाप शिकवीत असे म्हणून मुलगा शिकवू लागे. गावाला पसंत पडला तर पोरे येत, धान्य येत असे, सणावाराला काही हातावर पडत असे. पसंत न पडला तर ओसरी रिकामी राही. म्हणजे निवड होती, पण ती रोजची होती आणि ती गाव करी. ह्या पद्धतीत एक मोठी खोट होती. गाव म्हणजे गावातली ज्यांची मुले ओसरीवर बसू शकत ती घरे. ज्यांना ओसरीची पायरीही चढता येत नव्हती, त्यांच्या पसंती-नापसंतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

सरकारने मास्तर तयार करून नेमण्याचा पहिला मोठा प्रयत्न माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत झाला. मुंबईला कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस नावाचा इंजिनियर होता. त्याच्या देखरेखीखाली मराठीत गणिताची पुस्तके तयार झाली आणि त्याच पुस्तकांवर काही तरुणांना शिकवून तयार करण्यात आले. १८२६ साली असे २४ मास्तर मराठी आणि गुजराथी मुलखांत धाडण्यात आले. ह्या चोवीस जणांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती आजच्या रीतीच्या उलट आहे. तेव्हा आधी शिकविले आणि मग नेमले. माणूस कोठून तरी तयार होऊन येईल आणि आपण त्याला फक्त पारखून घेऊ, असे त्या काळी कोणाला वाटणे शक्यच नव्हते ; तयार माणूस बाजारात नव्हताच.

पुढे खाते वाढले, परीक्षा आल्या. मराठी सहावीची जी परीक्षा असे, ती उतरला की मुलाला प्राथमिक शाळेत मास्तरकी नाही तर सरकारदरबारी कारकुनी मिळण्याची वाट मोकळी होई. कोकणातल्या गरीब घरांना ह्या परीक्षेचे केवढे अप्रूप! धोंडो केशव कर्वे ह्यांनी आपल्या आत्मवृत्तात ह्या परीक्षेची आठवण सांगितली आहे. १८७५ साल. कर्वे सतरा वर्षांचे. दापोलीजवळच्या मुरुडाहून साताऱ्याला जावयाचे. पावसाळ्याचे दिवस, समुद्र बंद, म्हणून डोंगर तुडवीत, कुंभार्लीचा घाट चढून हा मुलगा सोबत्यांबरोबर शंभरावर मैल चालून साताऱ्यास पोहोचला. परीक्षेच्या कमिटीपुढे उभा राहिला. वयाचा दाखला जवळ होता. कमिटीच्या प्रमुखांनी मुलाकडे पाहिले, आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचा, एवढाच त्याचा अपराध.

ही गोष्ट मी मुलांना सांगते तेव्हा ती हसतात. मला हसू येत नाही. शंभर मैल चालून आलेला मुलगा परत शंभर मैल चालत गेला. पुढच्या वर्षी तो कोल्हापूरहून ती परीक्षा उतरला, म्हणून निभावले. जे पुन्हा गेलेच नाहीत अशांची नावे कोणत्याच आत्मवृत्तात नाहीत. निवड करणाऱ्याच्या एका नजरेत केवढी सत्ता असते हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने साताऱ्याची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कागद म्हणत होता सतरा, डोळे म्हणत होते पंधरा, आणि कमिटीने डोळ्यांवर विश्वास ठेवला.

ह्याच्या सातच वर्षांनंतर, १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन मांडले. फुल्यांचे ते निवेदन लोक प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी आठवतात. मास्तर कसा निवडावा ह्याविषयी त्यात जे सांगितले आहे, ते मात्र फारसे कोणी वाचीत नाही. जोतीरावांना हा प्रश्न पुस्तकातून समजला नव्हता. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढताना शिकवावयास बाई कोठून आणावी ही अडचण त्यांनी स्वतः भोगली होती, आणि ती त्यांनी सावित्रीबाईंना शिकवून सोडविली होती. कमिशनपुढे त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे : प्राथमिक शाळांतले मास्तर होता होईल तो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत. ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. सोवळ्याओवळ्यामुळे दूर दूर राहणारा मास्तर ते करू शकणार नाही. वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटणार नाही, असा मास्तर पाहिजे. त्याला शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान पाहिजे. त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा. आणि गावात त्याचे वजन वाढावे म्हणून हिशेबतपासणी, दस्तांची नोंद, टपाल अशी कामेही त्याच्याकडे द्यावीत.

ह्या यादीत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जोतीरावांनी उमेदवाराला काय येते एवढेच विचारले नाही. तो कोणात मिसळेल आणि त्याला कशाची लाज वाटणार नाही, हेही विचारले. आजच्या कोणत्याही अर्जात हा रकाना नाही. आणि त्याच दमात त्यांनी पगाराचा आकडा सांगितला. चांगला माणूस पाहिजे असेल तर त्याच्या पोटाची सोय आधी करा, हे सांगावयास ते विसरले नाहीत. आपण मात्र मास्तरांच्या त्यागाचे गोडवे गाताना हे नेहमी विसरतो.

त्यागावर माणसे निवडण्याचाही एक मोठा प्रयोग त्याच पुण्यात, त्याच सुमारास चालला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली, टिळक-आगरकर त्यांना मिळाले आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ साली फर्गसन कॉलेज. ह्या मंडळींनी आजीव सभासदांची पद्धत सुरू केली. वीस वर्षे संस्थेची सेवा, पगार बेताचा, आणि संस्थेचा कारभारही ह्याच सेवकांच्या हाती. म्हणजे नोकर आणि मालक एकच. इथे उमेदवाराला विचारण्याचा प्रश्न एकच होता : तू किती सोडावयास तयार आहेस?

हा प्रश्न विचारणे सोपे, पण त्याच्या उत्तराला वर्षांमागून वर्षे चिकटून राहणे कठीण. बाहेरची मिळकत संस्थेच्या सभासदाने घ्यावी की नाही, बाहेरची कामे करावीत की नाही, ह्यावरून ह्याच त्यागी माणसांत वाद वाढले. सगळे विद्वान, सगळे प्रामाणिक, आणि तरी १८९० च्या अखेरीस टिळक संस्था सोडून गेले. निवडताना घेतलेल्या शपथेचा अर्थ प्रत्येकाच्या मनात थोडा थोडा वेगळा होता, एवढेच ह्यावरून दिसते.

टिळक गेल्यावर फर्गसन कॉलेजात गणित कोणी शिकवावयाचे हा प्रश्न आला. जाहिरात निघाली नाही, कमिटी बसली नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांना एल्फिन्स्टन कॉलेजमधला आपला एक जुना सोबती आठवला. तो मुंबईत निरनिराळ्या शाळांतून गणित शिकवून पोट भरीत होता. गोखल्यांनी त्याला बोलावले. टिळकांच्या जागी उभे राहावयाचे म्हणून तो संकोचला, पण १८९१ च्या नोव्हेंबरात रुजू झाला. हा सोबती म्हणजे साताऱ्याच्या कमिटीने परत पाठविलेला तोच मुरुडचा मुलगा. पुढे १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी विवाह केला, समाजात गहजब झाला, तरी संस्थेने त्यांना कामावरून दूर केले नाही. १९१४ पर्यंत ते तेथे शिकवीत होते.

आता विचार करावा. १८७५ ची निवड नियमाने चाललेली, कमिटीपुढे झालेली, आणि ती चुकली. १८९१ ची निवड म्हणजे ओळखीतून केलेली नेमणूक. आजच्या भाषेत कोणी तिला वशिलाच म्हणेल. पण ती अचूक ठरली. ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की नियम नकोत, जाणत्या माणसाची नजर पुरे. मीही एके काळी तसेच म्हणत असे. परंतु गोखल्यांची नजर आणि गोखल्यांची निःस्पृहता ज्याच्याजवळ नाही, अशाच्या हाती ही मोकळीक गेली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

१९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या हाती आल्या. लोकांची शाळा लोकांच्या हाती, ही गोष्ट चांगलीच झाली. पण शाळेबरोबर मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्याही निवडून आलेल्या मंडळींच्या हाती गेल्या, आणि निवडणुकीत कोणाच्या बाजूने फिरला ह्यावर मास्तराचे गाव ठरू लागल्याच्या तक्रारी वाढल्या. म्हणून १९३८ च्या दुरुस्तीने आणि पुढे १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सरकारने लगाम आखडला. शाळामंडळाचा अध्यक्ष, सरकारने नेमलेला प्रशासन अधिकारी आणि शिक्षणखात्याचा इन्स्पेक्टर, अशा तिघांची निवड समिती आली. तीन माणसे, तीन ठिकाणांहून आलेली, एकमेकांवर लक्ष ठेवणारी. टेबलाच्या आतल्या बाजूला तीन खुर्च्या का असतात ह्याचे उत्तर मला इथे मिळाले. १९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळा त्यांच्या छत्राखाली गेल्या.

सरकारची ही घडी बसत होती, तेव्हा साताऱ्याकडे एक माणूस वेगळ्याच वाटेने चालला होता. भाऊराव पाटील. स्वतः मॅट्रिक न झालेले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह नेले. सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत, स्वतः राबून शिकत. खेड्यांत शाळा काढावयाच्या तर मास्तर हवेत, ते कोठून आणावयाचे? भाऊरावांनी १९३५ साली साताऱ्याला मास्तर तयार करणारे विद्यालय काढले, आणि १९३८ पासून जेथे शाळा नाही अशा गावांत स्वयंसेवी शाळा उघडीत गेले. ह्या कामाला लागणारी माणसे त्यांनी आपल्याच वसतिगृहातून, आपल्याच शेताच्या बांधावरून उचलली. जो मुलगा चार वर्षे डोळ्यांपुढे खोरे चालवीत आहे, भाकऱ्या भाजीत आहे आणि रात्री कंदिलापाशी पुस्तक वाचीत आहे, त्याची वेगळी मुलाखत ती काय घ्यावयाची? जोतीरावांनी १८८२ साली जो मास्तर मागितला, तो भाऊरावांनी आपल्या अंगणात वाढविला. १९५९ साली भाऊराव गेले तेव्हा त्यांनी घडविलेले असे कितीतरी मास्तर खेड्यांतून उभे होते.

आणि आता मी आमच्या घराजवळ येते. भाईंदरहून तीन स्टेशने अलीकडे बोरिवली. १९४५ साली तेथे कस्तुरबा ट्रस्टच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. त्या शिबिरात ताराबाई मोडक होत्या. राजकोटच्या सरकारी ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुखपदाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या होत्या, १९२६ पासून नूतन बाल शिक्षण संघाचे काम पाहत होत्या. शहरातली बालमंदिरे पुष्कळ झाली, आता खेड्यात जावयाचे, असा त्यांचा निश्चय झाला होता. जागा ठरली बोर्डी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात समुद्राकाठी. सोबतीला कोणी हवी होती. त्याच शिबिरात अनुताई वाघ होत्या. बालविधवा, प्राथमिक शिक्षिका, आधी नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकविलेल्या. नोकरी करता करता मॅट्रिक झालेल्या. ताराबाईंनी त्यांना विचारले आणि अनुताई पुण्याची पक्की नोकरी सोडून बोर्डीला गेल्या. १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीचे काम सुरू झाले, पुढे १९५७ च्या सुमारास ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. ताराबाई १९७३ साली गेल्या, पण अनुताई १९९२ पर्यंत त्या टेकडीवर राहिल्या. बी. ए.ची पदवी त्यांनी घेतली ती पन्नाशी उलटल्यावर.

शिबिरात माणूस लपत नाही. पहाटे कोण उठते, उष्टी भांडी कोण उचलते, दुसऱ्याचे मूल रडू लागले तर कोण हातातले काम टाकते, हे काही दिवसांत कळून चुकते. ताराबाईंना जे दिसले ते कोणत्याही अर्जावर लिहून आले नसते. आणि समजा, त्या दिवशी बोरिवलीला टेबल मांडून तीन माणसे बसली असती आणि त्यांनी पदवीचा कागद मागितला असता, तर? मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, म्हणून हा प्रश्न मी जरा जास्तच तीव्रतेने विचारते, हे मला कबूल आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात अंगणवाड्यांची सरकारी योजना सुरू झाली. अंगणवाडी सेविका त्याच वस्तीत राहणारी बाई असावी, हा तिचा नियम. पुष्कळ वर्षे दहावी झालेली बाई तेथे चालत असे, आता बारावी लागते. फुल्यांचा विचार त्या एका नियमात अजून शिल्लक आहे.

खासगी शाळांचा इतिहास मात्र इतका उजळ नाही. एप्रिलमध्ये मास्तराला कमी करावयाचे आणि जूनमध्ये पुन्हा घ्यावयाचे, म्हणजे सुट्टीचा पगार वाचतो, ही युक्ती एके काळी सर्रास चाले. १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आल्यावर नेमणूक, दोन वर्षांची परिवीक्षा, ज्येष्ठता, काढून टाकण्याची रीत, हे सारे कागदावर आले. पण निवडीच्या टेबलाखालचा व्यवहार कागदावर कसा येणार? वीसेक वर्षांपूर्वी मी एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. संस्थेचे नाव सांगत नाही. प्रश्न दोनच झाले. पहिला, "नाव काय?" आणि दुसरा, "इमारत निधीला काय देणार?" मी म्हणाले, माझ्याजवळ द्यावयास काही नाही. त्यांनी माझे कागद नीट जुळवून, टाचणी लावून, मोठ्या सौजन्याने मला परत दिले. त्या टाचणीची आठवण मला अजून आहे.

म्हणूनच सरकारने माणसाच्या हातून निवड काढून यंत्राच्या हाती दिली, तेव्हा कित्येकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २००० साली शिक्षणसेवकांची योजना आली. प्राथमिक शाळेत तीन वर्षे महिना तीन हजार रुपये मानधन, मग पगार. पुढे ते सहा हजार झाले आणि २०२३ पासून सोळा हजार. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा आली. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. २०१७ च्या डिसेंबरात दोनशे गुणांची अभियोग्यता चाचणी झाली आणि 'पवित्र' नावाच्या सरकारी प्रणालीतून गुणानुक्रमाने नेमणुका होऊ लागल्या. खासगी संस्थेला मुलाखत घ्यावयाची असेल तर यादी प्रणालीने दिलेली, आणि तिच्यातूनच निवड करावयाची. इमारत निधीचा प्रश्न विचारण्याची जागा तेवढ्यापुरती तरी आकसली. साताऱ्याच्या कमिटीसारखा चेहरा पाहून कोणाला परत पाठविण्याची सोयही राहिली नाही, कारण यंत्राला चेहरा दिसत नाही.

पण यंत्रामागेही माणसेच असतात. २०२१ च्या डिसेंबरात पात्रता परीक्षेतील गुणांचा बाजार उघडकीस आला, मोठ्या पदांवरची माणसे पकडली गेली आणि पुढच्या वर्षी सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पूर्वी टेबलाखालून चाले ते आता उत्तरपत्रिकेखालून चालले, एवढाच फरक. आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते आठवीला शिकविणाऱ्या ज्या जुन्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उतरली पाहिजे. वीस वीस वर्षे शिकविलेले माझ्या ओळखीचे मास्तर तेव्हा पुन्हा वह्या घेऊन बसले. एकजण मला म्हणाले, "बाई, माझी परीक्षा रोज अकरा वाजता सुरू होते, ती कोणी तपासतच नाही." ह्या उद्गारात दुःख होते, थोडा अहंकारही होता. पण खोटे काही नव्हते.

असो. जूनच्या मुलाखतीकडे वळते. दोन उमेदवार शेवटी उरल्या. एक खारीतलीच आगरी घरची मुलगी, बारावी झालेली. दुसरी दूरच्या उपनगरातून येणारी, पदवी आणि बालशिक्षणाची पदविका घेतलेली. मी ताराबाई आणि भाऊराव वाचून बसले होते. म्हणून म्हणाले, दोघींना तीन तीन दिवस वर्गात बसू द्या, आणि त्या दिवसांचे पैसे द्या. चिटणीसांनी मान्य केले. खारीची मुलगी पहिल्याच दिवशी मुलांत मिसळली. "मना घरा जावाचा" म्हणून रडणाऱ्या पोराला तिने त्याच्याच बोलीत समजावले. दुसरी मुलगी शुद्ध बोलत होती, तक्ते सुरेख लावीत होती, आणि मुले तिच्याकडे पाहुण्याकडे पाहावे तशी पाहत होती. मी माझे मत खारीच्या मुलीला दिले. उरलेल्या दोघांनी कागद पाहिले आणि पदविकावालीला घेतले. मी घरी येऊन रागाने जेवले नाही.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला हा लेख लिहिणे फार सोपे गेले असते. पण दिवाळी आली तेव्हा मी दारातून त्या नव्या बाईंचा वर्ग पाहिला. वहीच्या मागच्या पानावर तिने मुलांच्या तोंडचे शब्द लिहून ठेवले होते, आगरी, गुजराथी, हिंदी, सगळे. रोज संध्याकाळी ती आमच्या आजीबाईंना, म्हणजे शाळेच्या जुन्या मदतनीस बाईंना, त्यांचे अर्थ विचारी. तेच रडणारे पोर तिच्या पदराला धरून उभे होते. मी ज्या नजरेचा अभिमान बाळगून टेबलाच्या आत बसले, ती नजर साताऱ्याच्या कमिटीसारखीच होती. त्यांना मूल दिसले नाही म्हणून मुलगा अपात्र ठरला, आणि मला आपल्या मातीतली दिसली नाही म्हणून ही बाई परकी वाटली.

मग जोतीरावांचे म्हणणे चुकले का? मला तसे वाटत नाही. लोकांत मिसळेल असा मास्तर हवा, हे आजही खरेच आहे. पण मिसळणे जन्माने सोपे होते, त्याने ते पुरे होत नाही. आणि ज्याला जन्माने ते मिळाले नाही, तोही लाज सोडली तर ते शिकू शकतो. लाज वाटणार नाही असा माणूस, हीच तर त्या निवेदनातली दुसरी अट होती. मी पहिली अट पाहिली आणि दुसरी विसरले.

दोनशे वर्षांचा हा हिशेब मांडून पाहिला तर मला एवढेच उमगते. दाराशी चाळणी हवी, आणि ती सर्वांना सारखी हवी. नाही तर इमारत निधीवाले आत शिरतात. परीक्षा ती चाळणी होऊ शकते. पण चाळणीतून पडलेले धान्य म्हणजे भाकरी नव्हे. जर्व्हिसने चोवीस जणांना आधी शिकविले, भाऊरावांनी वर्षानुवर्षे पाहिले, ताराबाईंनी शिबिरात ओळखले आणि मग जन्मभर बरोबर घेतले. त्यांची निवड एका दिवसाची नव्हती. आपण मात्र एका दिवशी माणूस निवडतो, दाराची कडी लावतो, आणि पुढे त्याच्या वर्गात कोणी डोकावत नाही.

खारीच्या त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी जाऊन भेटले. शेजारच्या वस्तीत अंगणवाडीची जागा निघणार आहे, अर्ज भर, मी कागद पाहून देते, असे सांगितले. तिने अर्ज भरला आहे. निकाल अजून लागावयाचा आहे. कागदांना मी स्वतः टाचणी लावली आणि तिच्या हाती देताना म्हणाले, "हे परत आले तरी जपून ठेव. पुन्हा लागतील."